हाँगकाँग सेव्हन्स: बुधवार ते सोमवार

हाँगकाँगला नोकरीसाठी आलेल्या माणसाला मार्च उजाडला की ऑफिसात दोन प्रश्न हमखास विचारले जातात. सेव्हन्सला येणार का? आणि वेश कोणता? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तरही पहिल्याइतकंच विचार करून द्यावं लागतं. सात-सात खेळाडूंच्या रग्बीची ही स्पर्धा १९७६ साली हॅपी व्हॅलीतल्या फुटबॉल क्लबच्या मैदानावर सुरू झाली. १९८२ मध्ये ती सो कोन पोच्या सरकारी स्टेडियमवर गेली, १९९४ मध्ये तेच स्टेडियम ४०,००० प्रेक्षकांसाठी नव्यानं बांधलं गेलं आणि २०२५ पासून ती काय ताकच्या नव्या स्टेडियमवर भरते. इतक्या वर्षांत एक गोष्ट मात्र पक्की झाली. शुक्रवार ते रविवार, तीन दिवस, हजारो माणसं काहीतरी भलतंच अंगावर चढवून येतात. केळी, नन, अंतराळवीर, ट्रॅफिक कोन, रोमन सैनिक, डायनोसॉर.

नवखा माणूस पोशाखाचा विचार फोटोपुरता करतो. इथला पोशाख दहा तास अंगावर असतो. तो मेट्रोत चढतो, रांगेत उभा राहतो, अरुंद खुर्चीत बसतो, स्वच्छतागृहात जातो आणि दक्षिण स्टँडमध्ये, म्हणजे सर्वांत दंगेखोर प्रेक्षकांच्या भागात, बिअरनं भिजतो. दर वीस-बावीस मिनिटांनी नवा सामना सुरू होत असल्यामुळे खाणं, पाणी, रांगा आणि विश्रांती हे सगळं त्या ठोक्यावर बसवावं लागतं. ही दोन्ही गणितं जमली तर सेव्हन्ससारखा आनंद दुसरीकडे क्वचितच मिळेल. बिघडली तर शनिवारी दुपारी तीन वाजताच घरी जावंसं वाटतं.

तिकीट आणि सुट्टी यांची सोय महिनोन्महिने आधी करावी. तारखा दर वर्षी एकाच आठवड्यात येत नाहीत. २०२५ मध्ये स्पर्धा २८ ते ३० मार्चला झाली, २०२६ साठी १७ ते १९ एप्रिल ठरला. भारतातून भाऊ-बहीण, मित्र येणार असतील तर त्यांना हाँगकाँग इमिग्रेशनची ऑनलाइन पूर्वनोंदणी करायला सांगावं. भारतीय पासपोर्टवर ती मोफत होते, सहा महिने चालते आणि तीवर एका वेळी १४ दिवस राहता येतं. नाव आणि पासपोर्ट क्रमांक अक्षरन् अक्षर जुळला पाहिजे. नोंदणी मंजूर झाली नाही तर व्हिसाचा रीतसर अर्ज करावा लागतो आणि त्यात आठवडे जातात. म्हणून विमानाचं तिकीट नोंदणीनंतरच काढावं. ई-सिगारेट आणि सीबीडी (गांजाच्या झाडातला एक घटक) असलेली तेलं-क्रीम बॅगेत नकोत. दोन्हींवर इथे बंदी आहे, आणि सीबीडी तर २०२३ पासून अमली पदार्थांतच मोडतं.

बुधवार: खरेदी

तयार पोशाख हवा असेल तर सेंट्रलमधली पॉटिंगर स्ट्रीट गाठावी. दगडी फरश्यांच्या पायऱ्यांची ही चढणीची गल्ली क्वीन्स रोडपासून वर जाते. तिच्या खालच्या टप्प्यात दोन्ही बाजूंना हिरव्या टपऱ्या आहेत आणि त्यांत विग, मुखवटे, पंख, टोप्या, खोट्या मिशा टांगलेल्या असतात. स्पर्धेच्या आठवड्यात गुरुवारी संध्याकाळपर्यंत मोठ्या मापाचे पोशाख संपतात. त्यामुळे सहा जणांना एकसारखे पोशाख घ्यायचे असतील तर बुधवार हाच उशिरातला उशिराचा दिवस. इथल्या बहुतेक तयार पोशाखांचं कापड पातळ पॉलिस्टर असतं आणि शिवण एकेरी. घेताना काखेची आणि दोन पायांमधली शिवण दोन्ही हातांनी ताणून पाहावी. पहिल्या ट्रायला, म्हणजे रग्बीतल्या गोलाला, हात वर गेले की तिथंच उसवतं.

स्वतः बनवायचं असेल तर शाम शुई पोला जावं. एका स्टेशनच्या आसपास सगळं मिळतं. की लुंग स्ट्रीटवर कापड आणि चेन, नाम चेओंग स्ट्रीटवर फिती आणि लेस, यू चाऊ स्ट्रीटवर मणी आणि बटणं, फुक विंग स्ट्रीटवर खेळणी आणि पार्टीचं सामान, आणि आप्लिऊ स्ट्रीटवर बॅटऱ्या, छोटे पंखे, एलईडीच्या माळा.

सामान निवडताना एकच गोष्ट ध्यानात ठेवावी, ती म्हणजे ओल. पुठ्ठ्याचं चिलखत दुकानात झकास दिसतं. बिअरचा एक ग्लास सांडला की खांद्यापासून लोंबायला लागतं. त्याऐवजी ईव्हीए फोमची, म्हणजे पाणी न शोषणाऱ्या हलक्या रबरी फोमची, शीट घ्यावी, छातीसाठी ५ मिलिमीटर आणि नक्षीसाठी २ मिलिमीटर. एका माणसाच्या छाती-पाठीला आणि खांद्यांना एक मीटर बाय एक मीटरची एक शीट पुरते. सांधे ग्लू गननं चिकटवू नयेत. तो गोंद फोमच्या पृष्ठभागावरच राहतो आणि वाकवलं की सालपटासारखा निघतो. कॉन्टॅक्ट सिमेंट (चपला-बुटांना लावतात तसा गोंद) दोन्ही कडांना पातळ लावावं, हाताला चिकट लागेनासं होईपर्यंत दहा मिनिटं वाळू द्यावं आणि मग एकदाच नीट बसवून दाबावं. एकदा चिकटलं की सरकत नाही, म्हणून आधी पेनानं खुणा करून घ्याव्यात. खिडक्या मात्र उघड्या ठेवाव्यात. हाँगकाँगच्या छोट्या घरांत त्या वासानं डोकं धरतं.

वेल्क्रो अडीच सेंटिमीटर रुंदीचा आणि शिवायचा घ्यावा. मागं गोंद लावलेला वेल्क्रो घामानं तासाभरात सुटतो. रंगीत कापड, विशेषतः लाल आणि गडद निळं, रात्रभर पाण्यात घालून रंग जातो का ते पाहावं. न धुतलेलं लाल कापड बिअरनं भिजलं की शेजाऱ्याच्या पांढऱ्या पोशाखावर उतरतं.

हवेनं फुगणारे डायनोसॉर आणि सुमो दरवर्षी दिसतात आणि लहान मुलांना फार आवडतात. त्यांचा पंखा साधारण चार एए सेलवर चालतो. दिवस काढायचा तर सेलचे निदान दोन जादा संच लागतात. बसताना पंखा बंद करून हवा काढावी लागते, नाहीतर पोशाख दोन खुर्च्या व्यापतो आणि मागच्या माणसाचं मैदान झाकलं जातं. असा पोशाख रविवारी तासाभरासाठी घालावा. शनिवारच्या गर्दीत तो माणसाला चेंगरून घेतो.

मराठी मंडळींच्या गटात नऊवारी आणि फेट्याची कल्पना हमखास निघते, आणि ती खरंच चांगली आहे. काष्ट्यामुळे पायऱ्या चढता येतात, उड्या मारता येतात आणि रंग लांबून उठून दिसतो. कापड मात्र सुती आणि धुण्याजोगं घ्यावं. आजीची पैठणी या स्टँडमध्ये आणू नये. फेटा ऐनवेळी बांधण्यापेक्षा टोपीवर बसवून चार ठिकाणी कच्चे टाके घालून ठेवावा, म्हणजे सुटला तरी उलगडत नाही. ढोल, ताशा, लेझीम घरीच ठेवावं. असलं काही दारातून आत जात नाही.

गुरुवार: तालीम

आज पोशाख पूर्ण चढवून तासभर घरात वावरावं. खुर्चीत बसून पाहावं, दोन्ही हात वीस वेळा वर करावेत, बूट बांधावेत, एकट्यानं स्वच्छतागृहात जाऊन यावं. गळ्यापासून घोट्यापर्यंत एकसंध असलेल्या पोशाखाची चेन पाठीवर असेल तर ती पुढे घ्यावी, किंवा चेनीच्या टोकाला हातभर फीत बांधावी. हे न केल्यामुळे रांगेत अनोळखी माणसाला पाठ दाखवून मदत मागणारे दरवर्षी दिसतात. खांद्यांची रुंदी खुर्चीइतकी, म्हणजे ४५ ते ५० सेंटिमीटरच्या आत असावी. डोक्यावरची उंची वीतभरापेक्षा जास्त नको. मागच्याला खेळ दिसला पाहिजे.

आतल्या बाजूला चेन असलेला खिसा शिवून घ्यावा. फोन, ऑक्टोपस कार्ड (मेट्रोत आणि दुकानांत चालणारं, आधी पैसे भरायचं कार्ड), ओळखपत्र आणि एक बँक कार्ड, एवढं त्यात मावलं पाहिजे. तिकीट फोनवर असतं, म्हणून क्यूआर कोडचा मार्ग आधीच पाहून ठेवावा आणि पूर्ण भरलेली पॉवर बँक घ्यावी. दारापाशी एकाच वेळी हजारो फोन नेटवर्क ओढतात आणि तिकीट उघडायला वेळ लागतो.

फेस पेंटची चाचणीही आजच करावी. कोपराच्या आतल्या बाजूला ठिपका लावून रात्रभर ठेवावा. पाण्यात विरघळणारा, चेहऱ्यासाठीच बनवलेला रंग घ्यावा. ॲक्रिलिक किंवा पोस्टर कलर चेहऱ्यावर अजिबात नको, तो वाळून तडकतो आणि त्वचा ओढतो. ओल्या स्पंजनं पातळ थर, वाळला की दुसरा, वरून हलकी पावडर. डोळ्यांभोवती चमकी लावायची तर फक्त सौंदर्यप्रसाधनांतली. हस्तकलेची चमकी डोळ्यात गेली तर बुबुळाला ओरखडा पडू शकतो.

काय करू नये, तेही सांगायला हवं. दुसऱ्या वंशाचा माणूस दाखवण्यासाठी चेहरा काळा किंवा पिवळा रंगवू नये. कुणाच्या धर्माची टर उडवू नये. हुबेहूब दिसणारी खोटी बंदूक घेऊ नये, ती नुसती जवळ बाळगणंसुद्धा इथे गुन्हा ठरू शकतं. तलवारी-भाले फोमचे असले तरी दारात काढून घेतले जाऊ शकतात, म्हणून हातात काही न धरता ओळखू येईल असाच वेश निवडावा. पोशाखावर राजकीय घोषणा नकोत. मैदानात राष्ट्रगीत वाजलं की डायनोसॉरनंही उठून शांत उभं राहावं. राष्ट्रगीताचा अवमान हा २०२० पासून हाँगकाँगमध्ये कायद्यानं गुन्हा आहे.

शुक्रवार: पहिला दिवस, अर्धा वेश

काय ताक म्हणजे हाँगकाँगचा जुना विमानतळ. १९९८ मध्ये तो बंद झाला. उंच इमारतींच्या अगदी जवळून वळण घेत विमानं जिथं उतरायची, त्या जमिनीवर आता २८ हेक्टरचं क्रीडासंकुल आहे. मुख्य स्टेडियम ५०,००० प्रेक्षकांचं, वर उघडमीट होणारं छत. मार्च-एप्रिलच्या दमट, पावसाळी हवेत हे छत म्हणजे मोठा दिलासा. सो कोन पोला पाऊस आला की विगचं पोतेरं व्हायचं.

मेट्रोची तुएन मा लाइन घ्यावी. स्टेडियमला दोन स्टेशनं जवळ आहेत, काय ताक आणि सुंग वोंग तोई. क्वुन तोंग लाइनवरून येणाऱ्यांनी डायमंड हिल किंवा हो मान तिनला गाडी बदलावी. हाँगकाँग बेटावरून येणाऱ्यांना ॲडमिरल्टीहून ईस्ट रेल लाइननं हुंग होमला येऊन तुएन मा लाइन पकडणं सोपं पडतं. जाताना आणि येताना बहुतेक लोक काय ताक स्टेशनाकडेच वळतात, त्यामुळे आपण सुंग वोंग तोई धरावं. ऑक्टोपस कार्डात दिवसभराचे पैसे आधीच भरून ठेवावेत. भरण्याच्या यंत्रापुढे रांगेत उभ्या असलेल्या बारा केळ्यांच्या मागं उभं राहायला नको.

शुक्रवार कामाचा दिवस असल्यानं दुपारपर्यंत स्टँड मोकळे असतात आणि संध्याकाळी ऑफिसं सुटली की भरतात. रग्बी समजून घ्यायला हाच दिवस उत्तम. आज पूर्ण वेश नको. विग किंवा टोपी, टी-शर्ट आणि उद्याचे बूट पुरेत, म्हणजे बूट चावतात का ते आजच कळेल. बूट बंद आणि रबरी तळव्याचेच हवेत. बिअर सांडलेल्या पायऱ्यांवर चपला घसरतात आणि गर्दीत बोटं तुडवली जातात. वेशाला शोभणारे बूट हवेच असतील तर साध्या स्पोर्ट्स शूजवर कापडी खोळ शिवावी.

आता खेळाविषयी. कबड्डीसारखेच सात खेळाडू, पण मैदान मात्र पंधरा जणांच्या रग्बीचंच, सुमारे १०० मीटर लांब आणि ७० मीटर रुंद. सात मिनिटांचे दोन डाव, मध्ये दोन मिनिटं विश्रांती. चेंडू गोलरेषेपलीकडे जमिनीला टेकवला की ट्राय, ५ गुण. त्यानंतर चेंडू दोन उंच खांबांमधून मारायच्या किकचे, म्हणजे कन्व्हर्शनचे, २. ही किक ड्रॉप किकनंच मारायची असते, म्हणजे चेंडू हातातून सोडून जमिनीवर टप्पा पडताक्षणी लाथाडायचा. ट्राय जिथं टेकवला त्याच्या समोरूनच ती मारावी लागते. म्हणून कोपऱ्यातून आत शिरलेला खेळाडू, मागं कुणी नसेल, तर वळसा घालून खांबांच्या मधोमध जातो. नवख्याला तो वेळ घालवतोय असं वाटतं. खरं तर तो सोप्या कोनासाठी धावत असतो.

सर्वांत महत्त्वाचा नियम रिस्टार्टचा, म्हणजे गुण झाल्यावर खेळ पुन्हा सुरू करण्याचा आहे. पंधरा जणांच्या खेळात ज्यांनी गुण गमावले ते किक-ऑफ करतात. सेव्हन्समध्ये ज्यांनी गुण मिळवले तेच किक मारतात. चेंडू किमान १० मीटर गेला पाहिजे, आणि तो हवेत असतानाच उंच उडी मारून मिळवला तर समोरच्या संघाला चेंडूचा स्पर्शही न होता लागोपाठ दोन ट्राय होऊ शकतात. त्यामुळे १२-० अशी पिछाडी दीड मिनिटात पडते आणि तितक्याच वेळात फिटते. यलो कार्ड मिळालेला खेळाडू दोन मिनिटं बाहेर बसतो. चौदा मिनिटांच्या सामन्यात हा सातवा हिस्सा झाला, आणि सात विरुद्ध सहा म्हणजे मैदानाची एक बाजू उघडीच. कार्ड दिसलं की बिअरच्या रांगेकडे पाठ फिरवून मैदानाकडे पाहावं. पुढच्या शंभर सेकंदांत काहीतरी घडणारच. हूटर, म्हणजे वेळ संपल्याचा भोंगा, वाजला तरी चेंडू ‘मरेपर्यंत’, म्हणजे बाहेर जाईपर्यंत किंवा खेळ थांबेपर्यंत, सामना संपत नाही, हेही लक्षात असू द्यावं.

२०२५ मध्ये पुरुषांचे १२ आणि महिलांचे १२ संघ होते, चार-चारचे तीन गट. प्रत्येक गटातले पहिले दोन आणि तिसऱ्या क्रमांकांतले सर्वोत्तम दोन उपांत्यपूर्व फेरीत जातात. तिसऱ्यांमधली निवड गुणफरकावर येऊ शकते, म्हणून ३० गुणांनी हरणारा संघही शेवटच्या ट्रायसाठी जीव तोडून धावतो. हे ठाऊक असलं की एकतर्फी सामनेही नीरस वाटत नाहीत.

रात्री जेवायला कोवलून सिटी पायी जाण्याच्या अंतरावर आहे. तिथल्या थाई खाणावळी प्रसिद्ध आहेत. शाकाहारी लोकांनी पपईचं सॅलड मागताना फिश सॉस आणि सुकी कोळंबी नको असं दोनदा सांगावं, नुसतं मांस नको म्हणून भागत नाही. पोळी-भाजीची आठवण झालीच तर तुएन मा लाइननं गाडी न बदलता ईस्ट त्सिम शा त्सुईला जावं, तिथून नेथन रोडवरचं चुंगकिंग मॅन्शन्स, म्हणजे भारतीय खाणावळींची इमारत, जवळ आहे.

शनिवार: दक्षिण स्टँड

ज्या दिवसासाठी वर्षभर गटाच्या चर्चा चालतात तो हा दिवस. दक्षिण स्टँडमध्ये १८ वर्षांखालच्यांना प्रवेश नसतो. सो कोन पोच्या काळात हा स्टँड शनिवारी सकाळीच भरायचा आणि मग एक बाहेर आला की एक आत अशी रांग लागायची. जागा बदलली तरी शिस्त तीच पाळावी. दारं उघडण्याआधी तिथे पोहोचावं. पोशाख घरूनच चढवून निघावं आणि चेहरा मात्र शेवटी रंगवावा, कारण मेट्रोत रंग दुसऱ्यांच्या कपड्यांना लागतो. मेट्रोत रोमन सैनिकांच्या शेजारी बसलेल्या आजींकडे पाहून हसावं. त्यांनी हे वर्षानुवर्षं पाहिलेलं असतं.

निघण्याआधी भरपेट खावं. पोहे, उपमा, अंडी-भात, काहीही, पण पोट रिकामं नको. हा सल्ला आईनं दिल्यासारखा वाटला तरी दिवसाचा अर्धा भार यावर आहे. रिकाम्या पोटी सकाळी अकराला पहिला ग्लास घेणारे तीन वाजता जिन्यात बसलेले दिसतात. एका बिअरमागं एक ग्लास पाणी, आणि पहिली बिअर दोन-तीन सामने पाहून झाल्यावर. न पिणाऱ्यांनी संकोच करू नये. त्या स्टँडमध्ये उड्या मारायला, गायला आणि वेशाचा आनंद घ्यायला दारू लागत नाही, आणि संध्याकाळी गटाला घरी नेणारं शुद्धीवरचं माणूस हवंच असतं.

वेशामागचं तंत्र इथे कळतं. सहा-आठ जणांचा एकच विषय असला की लांबून ओळख पटते आणि हरवलेला माणूस सापडतो. प्रत्येकानं वेगळा वेश केला की गर्दीत कुणीच सापडत नाही. भेटण्याची एक जागा आणि एक वेळ ठरवावी, उदाहरणार्थ अमुक गेटचा खांब, दर तिसऱ्या सामन्याचा मध्यंतर. फोनवर विसंबू नये.

छत बंद असलं की आत गार असतं आणि आवाज आतच घुमतो. वेशाखाली सुती टी-शर्ट घालावा, थंडीलाही आणि घामालाही. कानांत फोमचे बोळे घातले तरी गाणी ऐकू येतात आणि रविवारी कान वाजत नाहीत. विग चार तासांनी कपाळ आवळायला लागतो. दर दोन तासांनी पाच मिनिटं काढावा. नाहीतर डोकं दुखतं आणि दोष बिअरला जातो. विगखाली जाळीची टोपी आणि दोन पिना एकमेकींना छेद देऊन लावल्या तर तो उड्यांतही टिकतो.

वरच्या रांगांतून बिअर येणार, हे गृहीत धरावं. भिजण्यावरून भांडण काढू नये. ते टाळायचं असेल तर दुसऱ्या स्टँडमध्ये बसणं हाच उपाय. फोन प्लास्टिकच्या चेनवाल्या पिशवीत ठेवावा. रंग ओघळून डोळ्यांत गेला तर चोळू नये, स्वच्छ पाण्यानं धुवावा. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांनी आज चष्मा घालावा आणि त्याला दोरी बांधावी.

रांगांचं वेळापत्रक सांगतो. हाँगकाँगचा सामना संपला की सगळे एकदम उठतात आणि स्वच्छतागृहं, खाणं, बिअर, तिन्ही रांगा फुगतात. आपण त्याआधीच्या सामन्याच्या दुसऱ्या डावाच्या सुरुवातीला जावं आणि हूटरच्या आत परतावं. चार जणांच्या जागा असतील तर दोघे जातात, दोघे बसतात. जेवण दोन वेळा, थोडं थोडं. मधल्या वेळी खिशात खारवलेले काजू-बदाम न्यावेसे वाटतात, पण बाहेरचं खाणं आणि पेय आत नेण्याबाबतचे नियम त्या वर्षीच्या यादीतच पाहावेत.

फिजी खेळायला आलं की हा स्टँड वेगळाच होतो. २०१५ ते २०१९ अशी सलग पाच विजेतेपदं त्यांनी इथे जिंकली. चेंडू एका हातात, समोरचा अंगावर येऊन आदळत असतानाच पाठीमागच्याला पास. त्यांच्या वाइसाले सेरेवी या खेळाडूनं ही शैली याच शहरात जगाला दाखवली. १९९७ मध्ये सेव्हन्सचा विश्वचषकही फिजीनं हाँगकाँगमध्येच उचलला, अंतिम सामन्यात दक्षिण आफ्रिकेला २४-२१ असं हरवून. सगळा दिवस पाठ फिरवून गाणी म्हणणारे लोकही फिजीच्या सामन्यात तोंड मैदानाकडे करतात. कितीही दंगा असो, या सामन्यांना उभं राहून पाहावं.

संध्याकाळी घोळके वान चाय आणि लान क्वाय फाँग या बारच्या वस्त्यांकडे निघतात. रविवारी खेळ पाहायचा असेल तर तिकडे जाऊ नये, हे आमचं ठाम मत आहे. जायचंच असेल तर शेवटची मेट्रो मध्यरात्रीनंतर थोड्याच वेळात संपते. पुढे एन अक्षराच्या रात्रीच्या बस किंवा लाल टॅक्सी. टॅक्सीचं सुरुवातीचं भाडं २९ हाँगकाँग डॉलर, आणि बंदर ओलांडलं की बोगद्याचा टोल वेगळा. ओल्या, रंगानं माखलेल्या प्रवाशाला चालक नकार देतात, म्हणून पिशवीत कोरडा टी-शर्ट आणि टॉवेल हवा.

रविवार: बाद फेऱ्या

आजचा दिवस कुटुंबासाठी आणि खेळासाठी. लहान मुलांना घेऊन दक्षिणेकडचा स्टँड सोडून बसावं, बाजूच्या मधल्या रांगांत. तिथून दोन्ही बाजूंच्या धावा दिसतात. मुलांचे पोशाख हलके हवेत आणि त्यांच्या मनगटावर पालकांचा फोन नंबर लिहिलेली पट्टी बांधावी. कालचा पोशाख सुकला नसेल तर हट्ट करू नये. ओलं पॉलिस्टर मांड्यांना घासून सालटी काढतं. कालच्याच ओल्या पोशाखात यायचं असेल तर घासणाऱ्या जागी व्हॅसलिन चोळावं.

महिलांचे सामने पाहायला उशीर करू नये. २०२३ पासून महिलांची जागतिक मालिकाही याच स्पर्धेत, पुरुषांच्या बरोबरीनं खेळली जाते. न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलिया यांची लढत म्हणजे सध्याच्या सेव्हन्सचं सर्वांत चांगलं रूप. २०२५ चा अंतिम सामना न्यूझीलंडनं याच प्रतिस्पर्ध्याविरुद्ध जिंकला. पुरुषांत त्या वर्षी अर्जेंटिनानं फ्रान्सला १२-७ असं रोखलं. आधीच्याच वर्षी पॅरिसमध्ये ऑलिंपिक सुवर्ण घेतलेला देश फ्रान्स. इतक्या कमी गुणांचा अंतिम सामना पाहताना बचाव कसा करतात ते कळतं. बहुतेक जण एका रेषेत, एकमेकांत काही मीटर अंतर, आणि चेंडू ज्या बाजूला जाईल तिकडे अख्खी रेषा सरकते. एक जण जरी घाईनं पुढे धावला की त्याच्या मागची जागा उघडी पडते. उपांत्य फेरीपासून चेंडूवाल्यावरची नजर काढून याच रेषेकडे पाहावं.

अंतिम सामन्यानंतर लगेच उठू नये. बक्षीस समारंभ पाहावा, वीस मिनिटं बसावं, पाणी प्यावं. त्यानंतरही काय ताक स्टेशनात दाटी असेल तर ‘तो क्वा वान’ या स्टेशनापर्यंत चालत जावं. मुलं आणि वयस्कर मंडळी सोबत असतील तर हा उपाय हमखास लागू पडतो.

सोमवार: आवरणं

सुट्टी आजची घ्यावी. शुक्रवारी दुपारनंतर ऑफिसातून निसटता येतं, सोमवारी घसा उघडत नाही. कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, भरपूर पाणी, मऊ भात.

बिअर लागलेले कपडे आधी थंड पाण्यात अर्धा तास बुडवून पिळावेत, मगच साबण. साखरेचा अंश राहिला तर वाळल्यावर कापड कडक होतं आणि वास धरतं. विग थंड पाण्यात चमचाभर शॅम्पूनं हलवून धुवावा, न पिळता टॉवेलवर पसरावा, वाळल्यावर रुंद दातांच्या फणीनं टोकांकडून वर विंचरावा. गरम हवा लावली की कृत्रिम केस वितळून गोळा होतात. फोमचं चिलखत ओल्या फडक्यानं पुसून सपाट खोक्यात ठेवावं, घडी घालू नये, घडीची रेघ नंतर हीट गननंही पूर्ण जात नाही. मिशीचा गोंद चेहऱ्यावर राहिला असेल तर खोबरेल तेल पाच मिनिटं लावून ठेवावं.

फुगणाऱ्या पोशाखातले सेल काढून ठेवायला विसरू नये. हाँगकाँगच्या उन्हाळी दमटपणात ते गळतात आणि पंख्याचे संपर्क गंजतात. गटातल्या जमाखर्चाची यादी आजच पुरी करावी आणि पुढच्या वर्षीची तिकिटं कोण काढणार तेही आजच ठरवून टाकावं.